शिळं पाणी

चैत्र लागला की सकाळी अंगणभर लिंबाचा फुलोरा सांडलेला असतो. लिंब म्हणजे कडुलिंब. सोलापुरात त्याला कुणी कडू म्हणत नाही. इथल्या उन्हात सावली देणाऱ्याला नावं ठेवायची कुणाची छाती नाही. पांढुरकी, मुगाच्या डाळीएवढी फुलं. झाडून सुपलीत भरावीत आणि मागं वळून बघावं तर तेवढीच पुन्हा पडलेली. आमचे हे दरवर्षी न चुकता म्हणतात, "अगं, संध्याकाळी एकदाच झाड की." मी दरवर्षी न चुकता ऐकत नाही. त्या फुलांचा एक वास असतो, गोड म्हणावा तर गोड नाही, पण नाकाशी घुटमळत राहतो. तो घ्यायला सकाळची गार वेळच लागते. नंतर ऊन चढतं आणि सगळे वास खाऊन टाकतं.

यंदाही परवा झाडता झाडता मी थांबले. वर झाडाकडं बघितलं, मग मामांच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्याकडं बघितलं. झाड जागेवर, भिंत जागेवर. हुश्श केलं आणि पुन्हा झाडू लागले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला ऊन लागलं. पण काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात ह्या दोघांपैकी एकच राहणार, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. आणि ते ठरवणारं प्रत्येक माणूस घराच्या भल्याचंच बोलत होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची उभी हयात शुक्रवार पेठेत गेली. खाली भुसार मालाचं दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात चहात साखर किती पडली तेही आम्हाला दिसायचं. मी लग्न होऊन त्याच घरात आले. तिथं माणसांची ददात नव्हती, आवाजाची नव्हती; झाड मात्र औषधालाही नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा दुकानाच्या फळीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत आणि म्हणत, "आपलं एक झाड पायजे हुतं बघ." पुढं ह्यांनी जुळे सोलापुरात प्लॉट घेतला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आपापल्या मागण्या मांडल्या. मला स्वयंपाकाचा ओटा खिडकीशी हवा होता. अत्तींना देवघर ऐसपैस हवं होतं. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या, म्हणून आमच्याकडं सासूला अत्तीच म्हणतात. मामांनी काहीच मागितलं नाही. पाया खणायच्या आधी ते एक दिवस रिक्षातून लिंबाचं रोप घेऊन आले आणि प्लॉटच्या मागच्या बाजूला लावून मोकळे झाले. घर त्याच्यानंतर आलं. आमच्यात वडीलधारं म्हणायचं तर ते झाडच.

ते झाड वाढलं आणि मामांचा दिवस त्याच्याखाली राहायला गेला. सकाळी खुर्ची, चहा आणि पेपर. जेवण झालं की बाज. ऊन तापलं की डोक्यावर ओला पंचा. घरात कूलर होता, पण त्या दमट वाऱ्यानं सांधे धरतात असं त्यांचं म्हणणं, आणि पंखा तर वैशाखात नुसता तव्यावरचा वारा घालतो. पेठेतली त्यांची जुनी माणसं बसनं, कुणाच्या गाडीवर मागं बसून, भेटायला यायची. त्यांना चहा दिला की ती आधी वर झाडाकडं बघत आणि मग बशीत ओतून घेत. "शेठ, तुमी नशीब काडलंत," म्हणत. मामा पेपर चाळत राहत, पण त्यांचे कान टवकारलेले मला स्वयंपाकघरातून दिसत. लिंबाच्या सावलीची एक गंमत आहे, ती काळीकुट्ट नसते. तिच्यात उन्हाचे बारके ठिपके हलत असतात, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावरून ते इकडून तिकडं जातात. मी भाजी निवडता निवडता मामांच्या पांढऱ्या बंडीवरचे ते ठिपके बघत बसायची.

झाड मामांचं, तसं पाणी अत्तींचं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. परगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हळहळतो. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. पाण्याचा दिवस असला की गल्लीत पहाटेपासून चाहूल. कुणाचा तरी नळ फुसफुसतो, कुणीतरी ओरडतं, "आलं ओ, आलं!" आणि दारोदारच्या मोटारी सुरू होतात. मग पुढचे तास दोन तास अत्तींच्या राज्यात कुणी तोंड उघडायचं नाही. आधी देवाची कळशी, मग पिण्याच्या घागरी, मग स्वयंपाकाची पिंपं, मग हौद, मग बादल्या, तपेली, आणि शेवटी शेजारणीनं कधीतरी पाठवलेला आणि परत करायचा राहिलेला डबासुद्धा. मात्र ह्या सगळ्याच्या आधी एक काम असायचं. मागच्या पाळीचं उरलेलं पाणी ओतून टाकायचं. ते शिळं झालेलं असायचं.

आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच पाण्यातून तांब्याभर जास्त घेतलं तर अत्ती डोळे वटारत. भांडी विसळायला वाडग्यानं पाणी मोजून देत. आणि सकाळी नळ फुसफुसला की तेच पाणी घागरी घागरीनं बाहेर. हे काही एकट्या अत्तींचं खूळ नव्हतं. आमच्या गल्लीत घरोघरी हेच चालायचं, माझ्या माहेरी हेच चालायचं, आणि खरं सांगायचं तर ताजं पाणी आलेलं असताना शिळं प्यायचं माझ्याही जिवावर यायचं. पाण्याला जपणारं आमचं गाव पाणी फेकतं ते असं. "वाया थोडंच घालवतो? झाडाझुडाला घालतो की," अत्ती म्हणायच्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून उतरलं की डाव्या हाताला, मामांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच, त्यांचा मोगऱ्याचा वाफा होता. अत्तींच्या वयाला तेवढंच अंतर झेपायचं. सगळं शिळं पाणी त्या वाफ्यात जायचं. मोगराही असा फुलायचा की संध्याकाळी शेजारणी ओंजळ भरून न्यायच्या.

आता त्या उन्हाळ्याबद्दल.

मामांच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीच्या वरच्या टोकापासून, एक तिरकी भेग निघाली. आधी ती केसासारखी होती. मी म्हटलं, रंगाला तडा गेला असेल. होळी झाली तोवर तिच्यात माझ्या केसातली पिन उभी राहू लागली. त्याच सुमाराला खोलीचं दार बिघडलं. दार लागायचं, पण कडी आणि तिचं भोक ह्यांची गाठच पडेना. कडी आपली वरच्या अंगाला लाकडावर आपटायची. मामा दुपारी झळा येऊ नयेत म्हणून दाराला आतून स्टूल लावू लागले.

ह्यांना घर राखायचं भारी वेड. निवृत्त झाल्यापासून तर दुसरा उद्योगच नाही. मोबाइलवर घराच्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचे आणि जेवताना आम्हाला शिकवायचे. गच्चीवर चुना मारला की खालची खोली गार राहते. भिंतीला टेकून विटा, लाकडं, पोती रचू नयेत, वाळवी तिथूनच वर चढते. वळवाच्या आधी गच्चीवरच्या पाइपचं तोंड साफ करावं, नाहीतर पहिल्याच सरीला गच्चीचं तळं होतं. सगळं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त गच्चीवर चढायचं काम यायचं तेव्हा ह्यांचे गुडघे दुखायचे. भेग दिसल्यावर मात्र हे हललेच. त्यांनी तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर कागद फाटेल, नाही वाढली तर तसाच राहील, एवढा साधा हिशेब. कागद फाटला. दुसरा चिकटवला, तोही फाटला.

मग बसवराज आले. हे ह्यांचे शाळेतले मित्र, बांधकामाचे ठेके घेतात, मनानं मोकळे. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं, बाहेर जाऊन झाडाच्या बुंध्याकडं बघितलं, जमिनीतून वर आलेलं एक जाड मूळ बुटाच्या टोकानं दाखवलं. "हे बघ, मुळं घराच्या पायात शिरल्यात. कुटंवर पट्ट्या लावत बसतो? झाड काढ, मग भेग भरून देतो. पर मृगाच्या आत. एकदा पाऊस लागला की भिंत पाणी धरंल, आनि मग माझ्याकडं रडत येऊ नको." शेजारच्यांनीही माना डोलावल्या. घराजवळ लिंब असूच नये, असं ज्याला त्याला आधीपासून ठाऊक होतं म्हणे. इतकी वर्षं त्यांच्या गाड्या त्याच झाडाच्या सावलीत लागत होत्या, तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

मी मामांकडं बघत होते. वाटलं, हे आता चिडतील. पेठेत असताना वजनकाट्याला कुणी नुसता धक्का लावला तरी त्यांचा पारा चढायचा. पण ते शांतपणे म्हणाले, "काडा की मग. घर पोराबाळांचं हाय. झाड काय, माज्या हौसेचं." ह्यांनी खाली मान घातली. ह्यांनाही ते नको होतं, पण छप्पर की सावली असा प्रश्न घातल्यावर कुणी सावली म्हणतं का? परवानगीच्या मागं हे लागले, तोडणाऱ्यांना सांगून ठेवलं, मृगाच्या आतला एक शनिवार ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागं गेले तर झाडाखाली खुर्ची नाही. मामांनी ती स्वतः ओढत पुढच्या व्हरांड्यात नेली होती. पुढचा व्हरांडा पूर्वेचा. तिथं सकाळपासून ऊन येतं ते फरशी तापवूनच जातं. "मामा, इथं का?" तर म्हणाले, "सवय करून घेतो, संगीता. एकदम जड जाईल."

ते वाक्य मला आजही सहन होत नाही. झाड अजून उभं होतं, सावली अजून पडत होती, आणि हा माणूस ती नसल्यासारखा उन्हात बसला होता. पेठेतली माणसं आली, तीही तिथंच बसली, घाम पुसत राहिली, आणि चहा संपताच उठली. दुपारी मामा खोलीत जायचे, स्टूल लावून पडायचे. मागच्या अंगणात बाज रिकामी, तिच्यावर उन्हाचे ठिपके आपले हलतायत. मला त्या दिवसांत मागच्या दाराशी भाजी निवडवत नसे. मी आत दिवा लावून निवडायची.

 अत्तींचं पाणी मात्र वाढलं. आता त्या शिळंच काय, थोडं ताजंही मागं नेऊन ओतू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "जानारं झाड हाय. तवर तरी पोटभर पिऊ दे की." झाडाच्या बुंध्यापर्यंत जायला त्यांना जड जायचं, म्हणून ओतायच्या मोगऱ्यातच. "मुळं काय, समदीकडं असत्यात," असं त्यांचं उत्तर. त्या आठवड्यात ह्यांची तिसरी पट्टी फाटली, आणि भेगेत पिनेऐवजी माझी किल्ली जाऊ लागली. बसवराज म्हणाले, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

आता मागं वळून बघताना वाटतं, आम्ही सगळे झाडाकडं बघत होतो आणि पायाखाली कुणी बघत नव्हतं. जुळे सोलापूरची जमीन काळी. पेठेतल्या माणसाला काळी माती पोत्यातल्या हरभऱ्याबरोबर आलेल्या खड्यांपुरतीच भेटते. अत्तींच्या माहेरच्या शेतात ती होती, उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडायच्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण शेत शेताच्या जागी आणि घर घराच्या जागी. घराखालीही शेतच असतं हे फरशी बसवली की माणूस विसरतो.

वैशाखात पाणी गेलं. शहराला पाणी आणणारी मोठी वाहिनी कुठंतरी फुटली, दुरुस्ती लांबत गेली, आणि आमची पाळी आज येईल, उद्या येईल असं करत येईचना. हौदाच्या तळाची फरशी दिसू लागली. टँकर आला की गल्लीत भांडणं. ज्या पाण्याला आम्ही शिळं म्हणून हिणवलं असतं ते आता गाळून, उकळून, तुरटी फिरवून पीत होतो. अत्तींनी तर देवाच्या कळशीतलंही बदललं नाही. "देवाला कळतंय की," म्हणाल्या. मागं एक थेंब गेला नाही. मोगरा वाळून काटक्या झाला, वाफ्याला भेगा पडल्या, आणि मी मनात म्हटलं, चला, झाडाच्या आधी मोगरा गेला.

अशाच एका दुपारी मी मधल्या खोलीत शेंगा फोडत बसले होते. मामा व्हरांड्यातून उन्हानं लाल होऊन आले आणि आपल्या खोलीत शिरले. दार लावलं. आणि आतून आवाज आला, खट्.

मी शेंग हातात धरून तशीच थांबले. तो स्टुलाचा आवाज नव्हता.

"मामा, कडी लागली?"

"लागली की," आतून उत्तर. "म्हातारं दार हाय. त्येच्या मनाला ईल तसं करतंय."

मी उठून दार वाजवलं, उघडायला लावलं, पुन्हा लावलं. कडी सरळ भोकात. मामा पंचा खांद्यावर घेऊन माझ्याकडं बघत होते, सुनेला उन्हाची काहिली बाधली की काय अशा नजरेनं. मी भिंतीपाशी गेले. किल्ली लावून बघितली, ती जाईना. पिन कशीबशी गेली. ह्यांनी लावलेल्या फाटक्या पट्टीची दोन टोकं एकमेकांच्या जवळ आली होती. झाड होतं तिथंच होतं. मुळं होती तिथंच होती. मग बदललं काय? मी मागच्या दारातून बाहेर गेले. समोर मोगऱ्याचा कोरडा वाफा होता.  मी पायरीवर बसले आणि वाफ्याच्या भेगेत बोट घालून बघितलं.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "योगायोग असेल." पण त्यांचा आवाज बदलला होता आणि गुडघेही दुखेनासे झाले, ते टॉर्च घेऊन भेगेपाशी बसले. काही करायच्या आत पाणीच आलं. सकाळी गल्लीत जो गोंधळ उडाला तो काय सांगावा, लोक एकमेकांच्या हौदात डोकावून अभिनंदन करत होते. अत्तींनी सगळं भरलं, आणि मग मोगऱ्याच्या काटक्या बघून त्यांना भरून आलं. "यव्वा, कसं वाळलं गं!" म्हणत त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. वाफ्याच्या भेगांतून ते पाणी गटागटा खाली उतरत होतं, वर साचतच नव्हतं. मी आणि हे खिडकीतून बघत होतो, मुद्दामच अडवलं नाही. पुढचे काही दिवस आमच्या दोघांचा एकच धंदा, मामांच्या खोलीचं दार लावायचं आणि उघडायचं. "ह्या दोघास्नी झालंय काय?" मामा अत्तींना विचारत. आणि एका सकाळी कडी पुन्हा लाकडावर आपटली.

मी ओरडलेच. आनंदानं! भिंतीची भेग वाढली म्हणून आनंदानं ओरडणारी बाई सोलापुरात दुसरी झाली नसेल.

बसवराजांना बोलावलं. त्यांनी वाफ्यातली माती मुठीत घेतली, दाबली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "काळी माती! पाणी लागलं की फुगती, वाळली की बसती. ह्यो एकच कोपरा तुमी सारखा वर-खाली करताय, बाकीचं घर कोरडं. भिंत तडकंल न्हाई तर काय? मी झाडच बघत बसलो की." आणि मग स्वतःच हसले. ह्यांनी विचारलं, "मग झाड?" बसवराज म्हणाले, "झाडाला ऱ्हाऊ दे. पाणी हलवा."

मी सुस्कारा सोडला. मग मान वळवली तर दारात अत्ती उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे मी वतलं म्हनून?" त्या म्हणाल्या.

 आम्ही सगळे भेग कशानं पडली ते कळल्याच्या आनंदात होतो, ती कुणाच्या हातानं पडली हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. अत्ती आत गेल्या. पुढच्या पाण्याच्या दिवशी "आलं ओ, आलं" झालं आणि त्या देवघरातून उठल्याच नाहीत. मी बोलवायला गेले. "तू भर. मला काय कळतंय त्यातलं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरचं पाणी मी भरलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

ठरलेल्या शनिवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. तोडणारे आले, करवत, दोर, कुऱ्हाडी घेऊन. आमचे हे घर राखणारे, पण तोडणाऱ्यांना नको म्हणून कळवायचं साफ विसरले होते. "कुटलं झाड?" त्यांच्यातल्या मोठ्यानं विचारलं. मामा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून उठले. अनवाणीच, तापलेल्या फरशीवरून, घराला वळसा घालून ते त्यांना मागं घेऊन गेले. मी मागोमाग. मामा बुंध्यापाशी जाऊन उभे राहिले आणि पाठ झाडाला टेकवली.

"ह्येच झाड. पर तोडायचं न्हाई. आलायसा तर ती तारंवरची फांदी तेवडी उतरवा, वळीव सुटला की झोडपती. आनि च्या घेऊन जावा."

त्या माणसानं वर बघितलं. "बरं झालं ओ," तो म्हणाला. "चांगलं पोसलेलं झाड हाय."

मागच्या दारात अत्ती येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडं बघितलं. माणसांसमोर बायकोशी बोलायची त्यांची पिढीजात सवय नाही. तरी बोलले. "ऐकलीस का, काय म्हनतोय? पोसलेलं. मी रोप लावलं आनि सावलीत जाऊन बसलो. ह्या मुलखात एवडं झाड पाण्याबिगर झालं व्हय? तुजं शिळं पाणी पिऊन झालंय ते."

अत्तींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "सुम्न कूड्री," म्हणाल्या, म्हणजे गप बसा आता. "एवडा पुळका हाय तर हितनं पुडं तुमीच वता."

बाकीचं सगळं सावकाश झालं. मोगरा कुंडीत गेला आणि कुंडी भिंतीपासून लांब. घराच्या चारी बाजूंनी भिंतीला लागून फरशीचा पट्टा केला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे कुठलंच पाणी पायाकडं वळू नये. गच्चीचा पाइप पूर्वी कोपऱ्यातच पाणी सोडायचा, त्याला नळी जोडून तो बागेत नेला. भेग मात्र लगेच भरली नाही. एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ दिला, पट्टी फाटत नाही हे बघितलं आणि मग भरली. गल्लीत नवं घर बांधणारं कुणी भेटलं की मी आता न विचारता सांगते: झाडाला दोष द्यायच्या आधी पाणी कुठं मुरतंय ते बघा. आळं, कुंडी, नळाचा ओघळ, न्हाणीचं पाणी, काही भिंतीला लागून नको. भेग दिसली की घाईनं बुजवू नका, ती कधी वाढते आणि कधी मिटते ते बघा. हे म्हणतात, "माझंच ज्ञान मला ऐकवते." म्हणू देत. मामा आता थकलेत, फारसं हिंडत नाहीत, पण बाज झाडाखालीच असते. त्यांना तिथं झोपलेलं बघितलं की माझ्या छातीवरचं काहीतरी दर वेळी नव्यानं उतरतं.

त्या उन्हाळ्यातली एक सकाळ मात्र माझ्या मनातून जात नाही. शनिवारनंतरचा पाण्याचा दिवस. गल्लीत मोटारी सुरू झालेल्या, मी पिठात हात घातलेला. मागच्या अंगणात बादली सरकल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून न घेतलेले मामा अर्धी बादली दोन्ही हातांनी धरून चालले होते. धोतराचा सोगा भिजलेला, दर पावलाला थोडं पाणी सांडतंय. मागच्या दारात अत्ती कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हितं वतू?" मामांनी विचारलं.

"न्हाई, भित्तीपास्नं लांब. आनि पुडं."

"हितं?"

"आनि जरा. हां. आता वता."

मामांनी ओतलं. मग रिकामी बादली घेऊन ते दुसरी भरायला परत आले.